दुकानावर गर्दी

माझ्या धंद्याला दार नव्हतं, पाटी नव्हती, गल्लाही नव्हता. लोणखेड्याच्या घरात पुढच्या खोलीत एक टेबल, लॅपटॉप आणि कुरकुरणारा इन्व्हर्टर, एवढंच दुकान. शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करायचा स्टार्टर मिळतो, त्याची माहिती मी माझ्या वेबपानावर मांडली होती. कोणी फोनवर तसलं काही शोधलं की सगळ्यात वर माझी जाहिरात दिसायची. तो माणूस ती दाबून माझ्या पानावर आला, तिथून कंपनीच्या दुकानात गेला आणि स्टार्टर घेतला, तर मला कमिशन. नाही घेतला, तरी त्या एका दाबण्याचे पैसे मात्र माझ्या खिशातून जायचे. हे शेवटचं मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. उगाच आईच्या जिवाला घोर कशाला, असं मला वाटायचं. मोठा शहाणा मी.

बाबांची उजवी बाजू गेली तेव्हा मी सुरतची नोकरी सोडून आलो होतो. त्यांना खाटेवरून उचलून खुर्चीत बसवणं एकट्या आईला झेपत नव्हतं. सुरतचे शेठ भला माणूस, म्हणाले, होळीपर्यंत तुझी जागा ठेवतो. म्हणजे होळीपर्यंत जाहिरातींवर घर चालवून दाखवायचं, नाहीतर बाबांना आईच्या हवाली करून पुन्हा सुरत गाठायची. रोज सकाळी डोळे उघडले की आधी हेच आठवायचं.

बाबांना माझं काम कळत नव्हतं, पण ते चौकशी करायचे. दिवाळीनंतर एकदा त्यांना खुर्चीत बसवताना त्यांनी विचारलं, "चालस का तुन्हं दुकान?"

मी वैतागलेलोच होतो. "गिऱ्हाईकच येत नही, बाबा. जाहिरात वर शे, पण कोनी दाबतच नही."

बाबा पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात होते. निवृत्त झाल्यावर रोज दुपारी ते आणि त्यांचे तीन-चार जोडीदार एका मित्राच्या बियाण्यांच्या दुकानात जाऊन बसायचे. घ्यायचं काही नसायचं. नव्या दुकानावर माणसं दिसली पाहिजेत म्हणून बसायचे. "खाली दुकानमा कोन येस?" असं बाबा म्हणायचे. पुढे ते दुकान चांगलं चाललं आणि त्यातलं निम्मं श्रेय बाबा स्वतःकडे घ्यायचे.

मी इकडे जाहिरात सुधारायला बसलो. लोकांनी नेमकं काय शोधलं आणि माझी जाहिरात दाबली, त्याची यादी मिळते. मोटर रिवाइंडिंग, मोटरसायकल, जुनी मोटर विकणे असली बिनकामाची गिऱ्हाइकं मी एकेक करून बंद केली. मग त्या यादीत एक ओळ वर येऊ लागली. कृपया शेतीच्या पंपासाठी मोबाईलवरून चालू होणारे यंत्र दाखवावे.

मला हसू आलं. आमच्याकडे फोनशी असं कोण बोलतं? पण ओळ रोज यायची, आपल्याच तालुक्यातून, दुपारी दोन ते चारमध्ये, आणि एका फोनवरून नाही, चार-पाच फोनांवरून. मी तर्क लढवला. हे मास्तर लोक असणार, नाहीतर शेती असलेले साहेब लोक. शुद्ध बोलणारे, खिशात पैसा असलेले, मनापासून घ्यायला निघालेले. झालं! मी त्या ओळीवरची बोली, म्हणजे एका दाबण्यामागे मी मोजायची रक्कम, वाढवली. जाहिरातीचा मथळाही तसाच शुद्ध केला. बाकीचे शब्द कापले, खापरकडे आणि धुळ्याकडे जाहिरात दाखवणं बंद केलं आणि होता नव्हता तो सगळा पैसा दुपारच्या त्या दोन तासांवर लावला. जाहिरात दाबली जाण्याचं प्रमाण असं चढलं की मी आईला गोड करायला सांगितलं. तिने शिरा केला. बाबांनी डाव्या हाताने दोनदा घेतला.

विक्रीचा आकडा कंपनीकडून उशिरा यायचा, कारण घेतलेला माल लोक परतही करतात. त्या आशेवर मी दोन महिने काढले. आकडा आला तो शून्य. पुढच्या महिन्यातही शून्य. मी माझं पान तीनदा नव्याने लिहिलं, फोटो बदलले. जाहिरात दाबून आत येणारा माणूस क्षणभरही थांबत का नाही, याचा विचार करून माझं डोकं फुटायची वेळ आली. माझ्यातच काही खोट आहे असं मला खरोखर वाटायला लागलं होतं.

दुपारी मी शहाद्याला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायला जायचो. होळीला आठवडा राहिला होता, डोंगरातली मुलं होळीसाठी गावी निघून गेली होती, म्हणून क्लास लवकर सुटला. घरी आलो तर मागच्या पडवीत बाबांच्या खाटेभोवती त्यांचे कारखान्यातले जोडीदार बसले होते. प्रत्येकाच्या हातात फोन. बाबा डाव्या हातात स्वतःचा फोन तोंडाजवळ धरून, साहेबापुढे उभं राहिल्यासारखे एकेक शब्द सुटा करून बोलत होते, "कृपया... शेतीच्या... पंपासाठी..." फोनला अहिराणी कळत नाही हे त्यांनी अनुभवाने शिकून घेतलं होतं. मग ते बाकीच्यांना म्हणाले, "खाले नका जाऊ रे. जठे प्रायोजित लिखेल शे, तीच दाबा. दाबी की लगेच बंद करा, पोऱ्यानं काम अडकाले नको."

"मन्ही आज तीनदाव व्हई गई," एक काका म्हणाले.

बाबांची नजर माझ्यावर गेली. त्यांचा अर्धा चेहरा हसला. "देख," ते म्हणाले, "तुन्हा दुकानवर गर्दी शे आते."

मला त्यांचा राग आला, आणि तो खरा राग होता. त्यांचा फोन हिसकावून भिंतीवर आपटावा असं वाटलं. मग त्यांच्या शर्टाची चुकीची लावलेली बटणं दिसली, सकाळी मीच घाईत लावलेली. मी म्हणालो, "हा बाबा, भलती गर्दी शे." आत जाऊन जाहिराती बंद केल्या आणि शेठना फोन लावला.

होळी पेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुरतला आलो. आता आई शेजारच्यांना हाक मारते. ते येतात तेव्हा बाबा खुर्चीत बसतात, नाही आले तर खाटेवरच.

परवा बाबांचा फोन आला. "मी रोज देखस. तुन्ही जाहिरात दिखत नही आते. दुकान बंद पडनं का?"

"नही बाबा," मी म्हणालो. "इतली गर्दी व्हयनी की आते जाहिरातनी गरजच नही."

पलीकडे त्यांनी आईला काहीतरी सांगितल्याचं ऐकू आलं, आवाजात आनंद होता. मग ते फोनवर परत आले.

"मंग तठे कसाले ऱ्हास?" बाबा म्हणाले. "घर ये ना."