कुसाबाईची चवली

रामकुंडाच्या पायऱ्यांवर कुसाबाई पळसाच्या पानांचे द्रोण विकायची. द्रोणात झेंडूची दोन फुलं आणि तुपात भिजवलेली वात. यात्रेकरूनं एक पैसा द्यायचा, वात पेटवायची आणि द्रोण गंगेत सोडायचा. बारा वर्षं ती लोकांच्या हाती दिवे देत आली, पण भिकाऱ्याच्या हाती तिनं कधी छदाम ठेवला नाही. "मीच फाटकी, मी कुणाला ठिगळ लावू?" असं म्हणायची, आणि ते खोटंही नव्हतं. तरी कुणी वाटी पुढं केली की ती मान खाली घालून पानांना काड्या टोचत बसायची. तेवढ्यापुरतं ते काम तिला फार निकडीचं वाटे.

दोन पायऱ्या खाली सोमा बसे. पेठकडचा, लहानपणी देवीत डोळे गेलेला. कुसाबाईपुढं त्यानं कधी हात पसरला नाही. उलट, "मावशे, पावसाचा वास येतोय, टोपली झाक," असं तोच तिला आधी सांगायचा.

तेहतीस सालच्या श्रावणात सोमवती अमावास्येला सूर्यग्रहण आलं. आदल्या दिवसापासूनच कुंडावर मुंगीला वाट मिळेना. त्या रेटारेटीत कुणीतरी एका द्रोणासाठी दोन आण्यांची चवली दिली आणि सात पैसे परत घेऊन गेला. संध्याकाळी वाण्यानं ती दगडावर आपटली.

"बाई, ही बद्द वाजते. शिशाची आहे."

कुसाबाईनं ती कनवटीला लावली. रात्रभर ती कमरेला टोचत राहिली.

दुसऱ्या दिवशी ग्रहण सुटलं आणि घाटभर एकच गलका उठला, "दे दान, सुटे गिराण!" शेजारच्या हारवाल्या सरुबाईनं पदरातले तांदूळ मूठमूठ वाटले आणि मग हसत हसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कुसा, गिराण सुटलं की गं! तुझी मूठ कधी सुटायची?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. कुसाबाईचे कान तापले. तिचा हात कनवटीला गेला. समोर वीस वाट्या पुढं आल्या होत्या, पण ती त्या ओलांडून दोन पायऱ्या उतरली आणि सोमाच्या तळहातावर चवली ठेवली. आंधळ्याला काय कळतंय!

"अगं बाई, चवली!" सरुबाईचे डोळे विस्फारले.

सोमाची बोटं नाण्यावरून फिरली, क्षणभर थबकली. मग त्यानं ते कपाळाला लावलं. "मावशे, देव तुला काई कमी पडू देनार नाय."

त्यानंतर तीन दिवस सोमा आलाच नाही. चणेवाल्याकडं चवली घेऊन गेला असेल, त्यानं कानफटात दिली असेल, शिपायाच्या हवाली केलं असेल! कुसाबाई काडी टोचायची आणि पान फाटायचं. रिकाम्या पायरीकडं पाहायचं नाही असं ठरवायची आणि तिथंच बघत बसायची.

चौथ्या दिवशी दुपारी सोमा काठी टेकत आला. अंग तापानं उतरलं होतं.

"सरुबाई हाय का?"

"घरी गेलीय जेवायला."

तो जवळ सरकला आणि तिच्या हातात चवली ठेवली. "शिशाची हाय. नख उमटतंय बघ. तुला कुनीतरी ठकवलंय, मावशे. मला तवाच कळलं, पन चारचौघींत बोललो असतो तर तुझी शोभा झाली असती. म्हनून गप बसलो."

कुसाबाईनं मान खाली घातली आणि हाती लागलेल्या पानाला काडी टोचली.

"लय नुसकान झालं तुझं." सोमानं कमरेची चिंधी सोडली आणि दोन पैशांचा एक ढब्बू पुढं केला. "एक द्रोन दे माझ्या आयच्या नावानं. वरचा पैसा तुलाच ऱ्हाऊ दे."

नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागणार. कुसाबाईनं भिकाऱ्याच्या हातून ढब्बू घेतला. त्या वरच्या पैशाचं ओझं हाताला पेलवेना. तिनं वात पेटवली, त्याला हात धरून पाण्यापाशी नेलं आणि द्रोण सोडायला लावला. द्रोण हातभर गेला, पायरीच्या कडेला आपटला आणि उलटा झाला.

"गेला का गं म्होरं?" सोमानं चेहरा नदीकडं करून विचारलं.

"गेला," हा शब्द अगदी ओठावर आला होता. आंधळ्याला काय कळतंय!

"नाही रे सोमा," ती म्हणाली. "बुडाला. थांब, दुसरा देते. आणि त्या चवलीचं..."

"कसली चवली गं?" मागून सरुबाई टोपली टेकवत म्हणाली. "गिराणातली? अख्ख्या घाटावर तुझंच नाव झालंय!"

कुसाबाईनं ढब्बू सोमाच्या मुठीत परत कोंबला. शिशाची चवली तिनं आपल्या तळहातावर सरुबाईला दिसेल अशी धरली.

"बस सरू," ती म्हणाली, "तूही ऐक."