बारा साखळ्या दक्षिणेला

शिकागोहून निघालो तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. धाकटा भाऊ सुधाकर गाडी चालवत होता आणि मागच्या सीटवर त्याची सतरा वर्षांची मुलगी सुजाता कानाला वॉकमन लावून बसली होती. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. साताऱ्यापासून इतक्या लांब मी पहिल्यांदाच आलो होतो. सुधाकरचं गाव इलिनॉय राज्याच्या दक्षिण भागात, ३१० मैलांवर. आपल्या हिशेबाने जवळजवळ पाचशे किलोमीटर.

या सगळ्या वाटेवर नजरेत भरेल अशी एकही टेकडी आली नाही. दोन्ही बाजूंना कापणी झालेला मका आणि काटकोनात आखलेली शेतं. आपल्याकडे ओढा वळला की बांध वळतो. इथे आधी रेघा मारल्या आणि मग त्या रेघांवर माणसं येऊन राहिली.

"काका, बोअर होतंय ना?" सुजाताने विचारलं.

"नाही. हद्दी बघतोय."

"ओ गॉड. व्हेकेशनमध्ये पण ऑफिस!"

तिचं चुकलं नव्हतं. भूमी अभिलेख खात्यात जमिनी मोजण्यात माझी तेवीस वर्षं गेली आहेत. शेत दिसलं की मी मनातल्या मनात फीत लावतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या मिस एथेल आल्या. (इथे वडीलधाऱ्या बाईंच्या नावाआधी 'मिस' लावतात, आपण नावानंतर 'बाई' लावतो तसं.) वय चौऱ्याहत्तर, काळ्या समाजातल्या, निवृत्त शिक्षिका. सुजाताला त्यांनी चौथीत शिकवलं होतं. येताना त्यांनी मक्याच्या पिठाचा रवाळ, जाड ब्रेड आणला होता. मी तो साताऱ्याहून आणलेल्या लसणाच्या चटणीबरोबर खाल्ला. त्यांनीही एक घास तसा खाऊन पाहिला, डोळे पुसले आणि बशी पुन्हा पुढे केली.

"तुमचे भाऊ म्हणतात, तुम्ही जुन्या कागदावरून जमीन शोधून देता."

"कागद खरा असेल तर देतो," मी म्हणालो.

त्यांनी पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. ती एका जुन्या आमदाराच्या मृत्युपत्राची नक्कल होती. हा आमदार मूळचा नदीपलीकडचा, गुलाम बाळगणाऱ्या मुलखातला. वडिलांमागे वारशात जमीन आली आणि माणसंही आली. त्याने माणसांना मुक्त केलं, जमीन विकली आणि नदी ओलांडून या नव्या वस्तीत आला. त्याच्या बरोबर हॅना नावाची बाई आणि तिची मुलं आपखुशीने आली. पुढे लोकांनी त्याला विधानसभेवर पाठवलं. तिथे गुलामगिरीला दार उघडणारा ठराव आला, तेव्हा त्याने विरोधात मत दिलं. ठराव सभागृहात मंजूर झाला. घरी परत येतो तर शेजाऱ्यांनी त्याचं धान्याचं कोठार जाळलेलं होतं. तरी तो गावोगाव घोड्यावरून फिरला. शेवटी प्रश्न लोकांच्या मताला गेला, तेव्हा ठराव पडला. पुढच्या निवडणुकीत त्याची जागा गेली ती गेलीच. उरलेलं आयुष्य त्याने चाळीस एकरांत मका पिकवून काढलं.

"हॅना माझ्या पणजीची आई," मिस एथेल म्हणाल्या. "तिला आमदाराच्या शेजारी पुरलं, असं माझी आजी सांगायची. गावात म्हणतात, या सगळ्या घरातल्या गोष्टी. कबरीवरचा दगड कुठे आहे तो दाखवा."

दगड दिसत नव्हते, कारण मधल्या कुठल्या तरी मालकाने ते आडवे करून वरून नांगर फिरवला होता. आताचा मालक त्याच भागात तळं खणणार होता. सोमवारी सकाळी मशीन येणार होतं. माणूस वाईट नव्हता. कबरी सापडल्या तर तिथे खणणार नाही, असा शब्द त्याने दिला होता, पण त्याला नेमकी जागा हवी होती. आणि तो दिवस शनिवार होता.

कागदात लिहिलं होतं ते असं: शेताच्या वायव्य कोपऱ्यातल्या दगडापासून बारा साखळ्या दक्षिणेला, तिथून चार साखळ्या पूर्वेला. त्या ठिकाणापासून आग्नेयेकडे एक साखळी चौरस जागा, आमदाराच्या घरच्यांसाठी आणि हॅनाच्या घरच्यांसाठी, कायमची राखून. या जागेच्या मध्ये कधीही रेघ मारू नये.

ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. आमच्या गावात आमची वस्ती गावाबाहेर होती आणि स्मशानही निराळं होतं. नोकरीत आल्यावर अशा जागा वेगळ्या दाखवणाऱ्या रेघा मी स्वतः स्वच्छ शाईने गिरवल्या आहेत.

"चला," मी म्हणालो. "तासाभराचं काम आहे."

शेतावर कोपऱ्याचा दगड लगेच सापडला. माथ्यावर अधिकचं चिन्ह कोरलेलं होतं. मी शंभर फुटी पोलादी फीत लावली. बारा साखळ्या म्हणजे ३९६ फूट, चार म्हणजे १३२. सुजाताने फितीचं दुसरं टोक धरलं, सुधाकरने खुंट्या ठोकल्या. मग दर दोन फुटांवर लोखंडी सळई जमिनीत दाबत गेलो. एक तास गेला, दीड गेला. सळई काळ्या मातीत लोण्यात जावी तशी जात होती.

मालक गाडीला टेकून बघत होता. त्याने टोपी वर सरकवली. "मिस एथेल, मला वाईट वाटतं. पण सोमवारी आठला मशीन येतंय."

घडीच्या खुर्चीवर बसलेल्या मिस एथेलनी कोटाचं वरचं बटण लावलं.

"दादा, नक्की ना?" सुधाकरने हळूच विचारलं.

मी कागद पुन्हा उघडला. 'एक साखळी चौरस' या शब्दांपुढे क्षेत्र लिहिलेलं होतं: एकराचा दहावा भाग. ते मी दुपारी वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. ही गोष्ट मी हाताखालच्या माणसाला कधी करू दिली नसती. आपली शंकू साखळी तेहतीस फुटांची. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे मिळून एक एकर. दहावा भाग हवा असेल तर चार गुंठे लागतात, म्हणजे सहासष्ट फुटांची बाजू. इंग्रजांची मूळ साखळी सहासष्ट फुटांचीच. क्रिकेटचं पिच बावीस यार्डांचं असतं ते तिच्याचवरून. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं.

"चूक माझी आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मी साताऱ्याची साखळी लावली. इथली तिच्या दुप्पट आहे."

"म्हणजे काका एक्झॅक्टली फिफ्टी पर्सेंट राँग होते," सुजाता म्हणाली.

"तेवीस वर्षं याच कामाचा पगार घेतोय दादा," सुधाकरने मालकाला इंग्रजीत सांगितलं. मालक हसला, पण गाडीला टेकलेला होता तो सरळ उभा राहिला.

मिस एथेल उठल्या. "आपली चूक आपण शोधणाऱ्या मुलाला मी कधी शून्य दिलं नाही. मोजा."

पुन्हा कोपऱ्यावर गेलो. ७९२ फूट दक्षिणेला, २६४ पूर्वेला. खुंटी ठोकली आणि तिथून चौरस आखला. सळई चौदाव्यांदा दाबली तेव्हा वाजली. सुधाकरने फावड्याने माती ओढली. नऊ इंचांवर पांढरा दगड होता. त्यावर आमदाराचं आडनाव. तिथून साडेतीन फुटांवर सळई पुन्हा वाजली. हा दगड लहान होता.

मिस एथेल गुडघ्यांवर बसल्या. हातमोजा काढून त्यांनी केसातली पिन घेतली आणि एकेका अक्षरातली माती कोरली. हॅना. खाली एकच शब्द: आई.

"माझी आजी खरं बोलत होती," त्या म्हणाल्या.

मालकाने गाडीतून लाल फडकी आणली आणि चारही कोपऱ्यांच्या खुंट्यांना स्वतः बांधली. "तळं खालच्या अंगाला खणतो," तो म्हणाला. "तिकडे पाणी जास्तच साठतं." मग मला विचारलं, "याचा नकाशा मिळेल का? माझ्यामागे कोणी आलं तर त्याला कळायला हवं."

आम्ही उजेड असेपर्यंत पुन्हा सगळी मापं घेतली. या वेळी प्रत्येक माप दोनदा घेतलं.

तीन आठवड्यांनी साताऱ्याला परतलो. अमेरिकेत काय पाहिलं, असं लोक विचारतात. मी शिकागोच्या उंच इमारतींबद्दल सांगतो, कारण लोकांना तेच ऐकायचं असतं. पण आल्यावर पहिलं काम मी नकाशाचं केलं. रविवारी जेवणाच्या टेबलावर कागद ताणून बसवला, कोपऱ्याचा दगड दाखवला, अंतरं लिहिली, चौरस काढला. आत दोन दगड मांडले. त्या दोन दगडांच्या मधोमध माझ्या हाताने सवयीने पट्टी ठेवली होती. ती मी उचलली.

चौरसाच्या आत लिहिलं: दफनभूमी, एकराचा दहावा भाग, सामायिक. खाली बारीक अक्षरांत आपल्या लोकांसाठी: चार गुंठे. एक प्रत मालकाला, एक मिस एथेलना टपालाने पाठवली. तिसरी ऑफिसात माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.