भोकाच्या पैशाचं कुंकू

दुसऱ्या महायुद्धात तांबं कमी पडू लागलं, तेव्हा सरकारने एक पैशाच्या नाण्याला मधोमध भोक पाडलं. १९४३ ते १९४७ या काळातलं हे नाणं. भोकामुळे राजाच्या चेहऱ्याला जागा उरली नाही; एका बाजूला लहानसा मुकुट, दुसऱ्या बाजूला भोकाभोवती पानांची माळ. अशा चौसष्ट पैशांचा रुपया होई. चलनातून गेल्यावर काहींनी हा पैसा बोल्टखाली वायसर म्हणून वापरला, काहींनी लेकरांच्या करदोड्यात ओवला. माझ्या आईने तो कुंकवासाठी ठेवला होता.

तळेगावहून लग्न होऊन येताना तिने तो सोबत आणला. पैसा कपाळावर धरायचा, भोकात बोटाने मेण लावायचं, वर कुंकू दाबायचं. पैसा उचलला की नेमकं गोल कुंकू.

बाबा गेल्यावर पैसा कपाटात गेला. पुढे आईची स्मरणशक्ती जाऊ लागली. बाबा गेलेत, हे आता तिला ठाऊक नाही. बोरगाव मेघेच्या घरात आम्ही दोघंच राहतो. बाबा गेल्याचं ठाऊक असलेला त्यात मी एकटा.

एका सकाळी ती आरशापुढे उभी होती. पैसा सापडला नाही म्हणून तिने रुपयाच कपाळावर धरला होता. तो उचलला तेव्हा मध्ये कोरी जागा आणि भोवती लाल कडं. त्या कोऱ्या जागेवर ती बोट फिरवत राहिली.

मी कपाटातून पैसा काढला. मुक्कामाला आलेली काकू दारातून पाहत होती.

"काऊन देतं तिले? लोकं काय म्हनतीन?"

"तिले माहीत नाई, काकू."

"तुले त माहीत हाय."

काकूने पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि आईच्या कपाळावरचं कडं पुसलं. मला वाटलं, आता काकू माझ्याकडून पैसा काढून घेईल. पण तिने आरसा उचलून आईपुढे धरला.

मी पैसा दिला. आईचा हात चुकला नाही. मेण, मग कुंकू. स्वतःकडे एकदा पाहून ती मला म्हणाली,

"तुह्या बाबाले हाक मार. चहा थंडा होऊन राह्यला."

मी अंगणात गेलो. फाटकाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

"येतो म्हनतेत," मी सांगितलं.