क्रीक म्हणजे खाडी

जी नदी मी डोळ्यांनी पाहिली नाही, तिचा उगमापासून मुखापर्यंतचा प्रवास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. करोनामुळे सीमा बंद होत्या, विषुववृत्ताजवळच्या त्या बेटावर जाणार कोण? म्हणून ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीतल्या घरी, बेडरूममध्ये नकाशे पसरून मी नदी लिहीत बसले. कालगुर्लीला स्वतःची नदी नाही, पाणी पार पर्थकडून पाइपातून येतं. अशा गावात बसून!

नदी मात्र देखणी होती. ढगांत हरवलेल्या डोंगरात उगम, मग घळीतून धडाधड खाली, सपाटीवर आल्यावर वळणंच वळणं आणि शेवटी खारफुटीतून समुद्र. वरच्या अंगाला सोन्याची खाण. सोनं काढून उरलेला खाणीचा विषारी गाळ नदीत सोडला की ती तो मुकाट समुद्रात नेऊन टाकेल, असं आमची कंपनी खाणीसाठी करत असलेल्या अहवालात यायला हवं होतं. म्हणजे निकाल आधी ठरलेला, नदी नंतर.

मुखाजवळच्या एका फाट्यावर नकाशात ‘क्रीक’ लिहिलं होतं. काठी एक गाव. मी दाभोळकडची. आमच्याकडे क्रीक म्हणजे खाडी. भरती आली की पाणी उलटं आत चढतं आणि गाळ काठाला बसतो. मी तसंच लिहिलं. हा गाळ समुद्रात जाणार नाही, गावात येईल.

मीटिंगमध्ये बॉस हसला. “मेट, क्रीक म्हणजे ओढा. साधा ओढा. तो पॅरा काढून टाक, नो वरीज.” बाकीचेही हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द चुकला असेल माझा, भरती कशी चुकेल? मी म्हटलं, मग कुणाला तरी पाठवून बघून घ्या. तर म्हणे, बॉर्डर बंद आहे. माणूस जाऊ शकत नाही, गाळ मात्र जाऊ शकतो!

“अगं, साइन कर आणि मोकळी हो,” नवरा म्हणाला. “जॉब गेला तर या दिवसांत दुसरा कोण देणार?” त्याचाही राग आला, कारण तो खरं बोलत होता.

पुढच्या मीटिंगला खाणीच्या, बेटावरच्या ऑफिसातली एक मुलगी स्क्रीनवर होती. त्याच गावातली. मी सगळ्यांसमोर तिला विचारलं, “भरतीचं पाणी कुठवर येतं?”

“घराच्या पायऱ्यांपर्यंत. ओहोटीला गोडं पाणी मिळतं, आई तेव्हाच भरते.”

“हे आपण नंतर बोलू,” बॉस घाईघाईने म्हणाला.

“नंतर नाही,” मी ओरडलेच. “आईला सांग, गाळ सोडायला लागले की ते पाणी भरू नको. दुसरीकडून आण.”

“दुसरीकडून कुठून?” तिने विचारलं.

मी नकाशा पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. बेटाच्या त्या अंगाला तेवढी एकच नदी होती.