साडूंना लागलेला वेळ

माझे साडू म्हणजे प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारा माणूस. बस आगारातल्या चौकशी खिडकीच्या नोकरीसाठी त्यांची स्वभावचाचणी झाली. प्रत्येक उत्तराला किती वेळ लागतो, हेही संगणक मोजत होता. झटपट उत्तर म्हणजे स्वभाव पक्का. साडूंनी उत्तरांचा धडाका लावला, पण ‘तुम्हाला माणसं आवडतात का?’ इथे ते बराच वेळ थबकले आणि मगच ‘हो’ म्हणाले. नोकरी हातची जाणार असं दिसू लागलं.

परीक्षक बाईंनी कुतूहलाने विचारलं, “काका, इथेच का अडलात?”

“एकेकाला आठवून बघत होतो, बाई. साडूपाशी गाडी जरा रुतली.”

“मग?”

“मग काय, त्यालाही घेतला पदरात.”

बाईंनी खिडकी त्यांनाच दिली. माझ्यावर नेमका किती वेळ गेला, ते मात्र साडू अजून सांगत नाहीत.