दांडीच्या शाळेतल्या झोळ्या

माझी तक्रार कोळशाच्या एका कणाबद्दल आहे. विरार सोडल्यावर मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि इंजिनानं तो नेमका माझ्या डाव्या डोळ्यात टाकला. पुरुषाचा डावा डोळा लवला तर काय होतं हे शकुनशास्त्रानं सविस्तर सांगून ठेवलं आहे. त्यात कोळसा गेला तर काय, याबाबत शास्त्रकार मौन पाळतात. तारापूरला अणूतून वीज काढायचं काम चाललं आहे आणि तिकडे जाणारी गाडी अजून कोळसा खाते, उरलेला प्रवाशांना वाटते, हे शासनाच्या नजरेस आणून द्यावं म्हणतो. माझ्या नजरेस ते आलंच आहे.

तर निघालो होतो दांडीला. तारापूरच्या किनाऱ्यावरचं हे मासेमारांचं गाव. आमची कन्या विजया तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे. गेल्या पावसाळ्यात ती रुजू झाली, तेव्हापासून पुण्यातलं आमचं घर फार नीटनेटकं असतं. सौभाग्यवतींची आज्ञा एवढीच होती की, पुण्याकडे बदली मागायला विजूचा होकार घेऊन या, पुढचं मी बघते. पुढचं म्हणजे स्थळ.

आधी पालघरला उतरलो. तिथे माझे जुने स्नेही दत्तोपंत राहतात. मूळचे एडवणचे, वाडीवाले, आणि जन्मभर शाळा तपासनीस. बदलीचा मार्ग त्यांना ठाऊक असणार असा माझा हिशेब. त्यांनी शहाळं फोडून दिलं आणि मार्गाऐवजी इतिहास सांगितला. आधी लोकल बोर्ड होतं, मग स्कूल बोर्ड झालं, आता जिल्हा परिषद आली. पाटी बदलते, कौलं तीच गळतात, असं त्यांचं मत. मधे टकळ्या आल्या, पोरांनी सूत काढलं, गुंता मास्तरांनी सोडवला. शिक्षण सक्तीचं झालं तेव्हा याच दत्तोपंतांनी कोळीवाड्यांत नोटिसा धाडल्या. मुली यायच्यासुद्धा. पण कडेवर धाकटं भावंड असायचं, कारण आई बंदरावर मासळीत. मास्तर म्हणायचा, मूल घरी ठेवून ये. मुलगी मूल घेऊन घरी जायची, ती जायचीच.

मग शहाळ्यातली मलई खरवडत ते म्हणाले, “तुमच्या विजूनं शाळेत झोळ्या टांगल्यात, ठाऊक आहे ना?”

मला ठाऊक नव्हतं. नियमात बसतं का, असं विचारलं. त्यांनी सांगितलं की बसत नाही. पण हल्लीचा साहेब भला आहे, तो तपासणीला येतो आणि आढ्याकडे पाहतच नाही. विजूच्या जागी येणारा मास्तर मात्र पाहीलच. अर्ज ते पुढे सरकवतील, पण मुलीनं स्वतः हो म्हटलं तरच.

पालघरहून पुढच्या गाडीनं बोईसर. जाणाऱ्यांनी तिथे पांढरे कपडे घालू नयेत. ट्रकांची धूळ कुणाची भीड ठेवत नाही. चहाच्या टपरीवर देशभरचे कामगार आणि त्यांची हिंदी. माझं धोतर आणि टोपी पाहून एकानं अदबीनं विचारलं, “पंडितजी, आज किस मशीन की पूजा है?” मी म्हटलं, मशीन नाही, मुलगी आहे, मास्टरनी आहे. “तो ठीक है, बेटी कमाती है,” तो म्हणाला, “घर बैठके खाइए.” चहा आणि एसटी मिळून रुपयाच्या आत भागतं. शेवटचा पल्ला पायी, सुरूच्या झाडांतून. गाव दिसण्याआधी नाकाला कळतं. वाळत घातलेल्या बोंबिलांच्या ओळीच्या ओळी.

शाळा म्हणजे एक लांब खोली. आढ्याला जुन्या शिडाच्या कापडाच्या झोळ्या, प्रत्येक झोळीला दोरी, दोरीचं टोक एकेका मुलीच्या पायाच्या अंगठ्यात. पाढे चालले होते आणि पाढ्यांच्या ठेक्यावर झोळ्या हलत होत्या. मधेच एक बाळ रडलं. कुणी थांबलं नाही. विजूनं ते खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं फळ्यावर लिहीत राहिली. आम्ही पाठशाळेत आईला देव मानायला शिकलो. पण त्या पाठशाळेत आई सोडाच, बहिणीलासुद्धा बसायला जागा नव्हती. मी दारातच उभा होतो. तिनं मला पाहिलं, हसली, आणि वर्गाला पुढचा पाढा सांगितला. पूर्वी मी घरी आलो की ती हातातलं टाकून यायची.

मुक्काम तिच्याच खोलीवर, जानकीबाईंच्या घरात. जानकीबाईंची मंजुळा चौथीत आहे. खांद्यावर घेतलेलं ते बाळ तिचाच भाऊ. जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. विजूच्या ताटात आणखी काय होतं ते मी पाहिलं नाही. तिच्या आईला हे छापून आल्यावर कळेलच.

जानकीबाईंनी भाकरी वाढता वाढता माझा अंदाज घेतला. “बाईला न्यायला आलात ना, बाबा?”

भेटायला आलो, असं मी म्हटलं. ते त्यांना पटलं नाही.

“न्या की. तुमची लेक हाय, आमी कोन आडवनार? पन झोळीतली पोरं बी संगं न्या. आमच्या पोरीला कडेवर पोर नि हातात पाटी, दोनी जमत नाय.”

विजू म्हणाली, “मावशी, जेवू द्या त्यांना.” मावशींनी जेवू दिलं, पण आणखी भाकरी विचारली नाही.

संध्याकाळी आम्ही बाप-लेक किनाऱ्यावर गेलो. होड्या परतत होत्या. दूर अणुवीजघराचं बांधकाम दिसत होतं. मी एरवी कोणत्याही विषयाला मंगलाचरणानं सुरुवात करतो. त्या दिवशी सरळच विचारलं, बदलीचा अर्ज करायचा का? तुला यावंसं वाटत नाही का?

तिनं वाळूतली शिंपली पायानं उकरली.

“वाटतं, अण्णा. रोज संध्याकाळी वाटतं. आत्ता, या वेळी, फार वाटतं. स्वयंपाकघरात आई काय करत असेल ते दिसतं मला.” मग म्हणाली, “सकाळी नाही वाटत.”

अर्जाचं मी पुन्हा काढलं नाही. परतताना पालघरला दत्तोपंत फलाटावर भेटायला आले होते. त्यांना मानेनंच नाही सांगितलं. त्यांनीही मानेनंच बरं म्हटलं.

दांडीला जावं का, असं कुणी विचारलं तर जावं म्हणेन. समुद्र चांगला, वाल चांगले, माणसं स्पष्ट बोलतात.

घरी आलो. हिनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, प्रकृती उत्तम, उन्हानं थोडी काळवंडली आहे, तूर्त येत नाही, संध्याकाळी मात्र घर आठवतं म्हणते. ही आत गेली आणि बराच वेळ भांडी लावत राहिली. तेव्हापासून दिवेलागणीला आम्ही दोघं फारसं बोलत नाही. विजूला या वेळी आपली आठवण येत असेल, हे दोघांनाही माहीत असतं.

लोकांत मी सांगतो की मला तिच्या लग्नाची काळजी आहे, खाऱ्या हवेची आहे. ते खरं नाही. एखादे दिवशी तिला संध्याकाळीही घर आठवणार नाही, आणि ते आम्हाला कळणारसुद्धा नाही, याची मला काळजी वाटते.