कोपीतली सारजाकाकू

सोनपेठजवळ आमच्या बांधाला लागून सारजाकाकूंचं शेत. बाई बोलायला फटकळ आणि वाढायला त्याहून जबरी. समोरचा पोट धरून नको म्हणाला तरी ताटात पडणारच. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची छोटी कोपी, म्हणजे खोपटी, करायची, तिच्यात लक्ष्मी मांडायची, आंबील आणि भज्जीचा, म्हणजे मिसळीच्या भाजीचा, नैवेद्य दाखवायचा आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून पंगतीला बसवायचं. काकूंच्या लग्नापासून त्यांच्या शेतातली लक्ष्मी दुसऱ्या कुणी मांडलेली नाही.

यंदा त्यांच्या गालाच्या आत कॅन्सरचा चट्टा निघाला. जन्मभर लावलेल्या मिश्रीची ही देणगी. हैदराबादच्या डॉक्टरांनी नवा उपचार केला. शिरेतून औषध सोडलं आणि दोन दिवसांनी तोंडात लाल उजेड टाकला. उजेड पडला की ते औषध जागं होतं आणि रोगाला मारतं. हे ऐकून काकूंचे नवरे आश्रुबाकाका खूश झाले. "मंग उनातच बसवतो की! आपल्याकडं ऊन लय हाय."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. औषध अंगभर मुरलेलं असतं, ऊन लागलं तर कातडी भाजून निघेल. महिनाभर उन्हात पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी दोघांना बजावलं.

नेमकी त्याच महिन्यात येळवस.

"मी न्हाई गेले तर लक्ष्मी उपाशी ऱ्हाईल," म्हणून काकू रडायला लागल्या. कॅन्सर म्हटल्यावरही न रडलेली बाई! मला वाईट वाटलं आणि रागही आला. मी म्हणालो, "काकू, लक्ष्मीला कुणीबी वाढलं तरी चालतंय. तुमी घरी बसा." त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

काका मात्र मुकाट्यानं कडबा ओढत राहिले. एरवी गुडघ्याएवढी होणारी कोपी त्यांनी माणसाच्या उंचीची केली. पेंढ्या दुहेरी लावल्या, वर घोंगड्या टाकल्या, ऊन आत येऊ नये म्हणून तोंड उत्तरेला ठेवलं. मग फोन करून डॉक्टरांची परवानगीही काढली. अमावस्येला उजाडायच्या आत काकू जाड चादर गुंडाळून कोपीत शिरल्या, त्या अंधार पडल्यावरच बाहेर आल्या.

लक्ष्मी त्यांनीच मांडली. पाहुणे कोपीपुढं वाकून हात जोडायचे, की आतून आवाज यायचा, "पाया पडून झालं असंल तर आंबील घ्या." नवखी माणसं दचकायची, बाकीचे हसून लोळायचे.

मीही वाकलो. आतून बांगड्यांचा हात आला आणि माझ्या हातावर बाजरीचा उंडा ठेवला.

"कुणीबी वाढलं तर चालतंय म्हणलास नव्हं? इचार तिलाच."

मी गुपचूप उंडा खाल्ला आणि दुसरा मागितला.

पुढच्या तपासणीत चट्टा गेलेला दिसला. काकूंनी डॉक्टरांना तिथल्या तिथं येळवसेचं आवतन दिलं. घरी येताना काकांनी विचारलं, "आता कोपी पयल्यावानी बारकी करू का?"

"मोठीच ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "लक्ष्मीला आता एकटीला करमायचं न्हाई."